बशी झाकलेला कप

“माझं नाव नाही ना येणार कुठं?” बटणं लावणारीनं पुन्हा विचारलं.

“नाही येणार. शब्द देते,” तपासणीला आलेल्या बाई म्हणाल्या.

शब्द पाळायची तयारी त्यांनी चोख केली होती. शर्ट विकत घेणाऱ्या कंपनीनं त्यांना पाठवलं होतं. कारखान्यात माणसांना माणसासारखं वागवतात का ते बघायचं, आणि नसतील वागवत तर मॅनेजरला चार गोष्टी शिकवायच्या. बाई या कामात मुरलेल्या. ऑफिसशेजारची खोली नको म्हणाल्या आणि कापडाच्या गठ्ठ्यांची कोठी मागून घेतली. दाराच्या काचेवर कागद चिकटवला. कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यावर स्वतःची ओढणी टाकली. कुणाला बोलवायचं तेही त्यांनीच ठरवलं. एका वेळी एकच बाई आत, आणि कागदावर टिंबसुद्धा लिहायचं नाही.

मॅनेजर तर काय, अगदी लोण्यासारखा माणूस! कशालाच नाही म्हणाला नाही. उलट म्हणाला, “आमच्या बायकांचा घसा सुकेल हो, मॅडम. बाहेर चहा ठेवतो.” एक बाई आत गेली की कोठीबाहेरच्या टेबलावर तिचा कप भरायचा, वर बशी झाकायची. बाहेर आली की तिनं तो उभ्या उभ्या प्यायचा आणि मशीनवर जायचं. बाईंना भारी कौतुक वाटलं. असा मॅनेजर शोधून सापडत नाही, असं त्या मनाशी म्हणाल्याही.

आतापर्यंत आलेल्या सगळ्यांनी पाठ केल्यासारखं सांगितलं होतं. सगळं छान आहे, पगार वेळेवर होतो, साहेब देवमाणूस. खुर्ची गरम व्हायच्या आत एकेक उठून गेली. ही मात्र बराच वेळ बोटं चोळत बसली आणि मग घडाघडा बोलायला लागली.

“मागच्या दाराला कुलूप लावून ठेवतात, मॅडम. माल चोरीला जाईल म्हणून. मागं एकदा वायर जळाली, धूर झाला. सगळ्या धावत जाऊन त्या दारावर आपटलो. किल्ली सापडेना कुणाला. माझ्या शेजारची पायांखाली आली, अजून लंगडते बिचारी. आज तुम्ही येणार म्हणून उघडलंय. तुमची गाडी वळली की पुन्हा कुलूप.”

मग ती रडली. बाईंनी तिला पोटभर रडू दिलं. पाणी पाजलं, डोळे पुसायला लावले, लाली उतरेपर्यंत बसवून घेतलं. चेहऱ्यावरून कुणाला काही कळायला नको.

“घरात कमावणारी मी एकटीच आहे हो,” दाराशी ती म्हणाली.

नंतर मॅनेजरशी बोलताना बाईंनी कुणी काही सांगितल्याचा ब्रही काढला नाही. कडीवर कुलपाचे ताजे ओरखडे दिसले, एवढंच म्हणाल्या. मॅनेजरनं मान खाली घातली. “चुकलंच आमचं. ही घ्या किल्ली, तुमच्याकडेच राहू दे.” बाईंचा जीव भांड्यात पडला. किल्ली पर्समध्ये टाकून त्या निघाल्या.

फाटकाशी बटणं लावणारी उभी होती. हातात डबा, खांद्याला पिशवी. वॉचमन तिच्या गळ्यातलं ओळखपत्र काढून घेत होता.

बाई तरातरा पुढं झाल्या आणि तिथंच थबकल्या. हिला का काढलं, असं विचारायचं म्हणजे हीच बोलली हे आपल्या तोंडानं सांगायचं. न विचारावं तर डोळ्यांदेखत एक घर बसत होतं. तिनं एकदाच बाईंकडे बघितलं. तिला वाटत होतं, बाईंनीच नाव सांगितलं. तसं नाही गं, एवढंसुद्धा बाईंना म्हणता येईना. ती फाटकाबाहेर पडली, वळूनही न बघता गेली.

मॅनेजरनं पुढं होऊन बाईंसाठी गाडीचं दार उघडून धरलं.

“तुम्ही कुणाचं नाव घेतलं नाहीत, मॅडम. आम्ही विचारलंही नाही,” तो अदबीनं म्हणाला. “बाकी सगळ्यांनी चहा गरमागरम प्यायला. एकीचाच तेवढा गार झाला.”