माशांचा हंडा

"आणखी एक उताणा पडला," सोनाबाई ओटीवरून ओरडली. "ये गं, बघ. तुझ्याच हातचं हाय."

तिची सून जयवंता अंगणात शिरत होती. डोक्यावर भरलेला हंडा. मे महिन्याची विहीर तळाला गेलेली, वाट चढाची. पहिल्या खेपा घरच्या झाल्या होत्या. ही शेवटची माशांची.

माशांची पेटी ओटीवर ठेवली होती, येणाऱ्याच्या नजरेत आधी भरेल अशी. जयवंताच्या नवऱ्यानं, सहदेवनं, ती मुंबईहून आणून महिना झाला होता. कडाव गावात वीज मोजक्या घरांत होती, पण काचेत पोहणारे तांबडे मासे एकाच घरात. सोनाबाई बघायला येणाऱ्यांना चहा पाजायची आणि कौतुक विकत घ्यायची. सौदा तिला परवडत होता.

फक्त मासे टिकत नव्हते. पाणी दुसऱ्या दिवशी धुरकट व्हायचं, वास मारायचं. म्हणून रोज सकाळी पिण्याच्या हंड्यांबरोबर पेटीही उपसली जायची. मासे परातीत काढायचे, काच राखेनं आणि काथ्यानं लख्ख घासायची, वर ताजं पाणी ओतायचं. शिळं पाणी घरात ठेवायचं नाही, ही सोनाबाईची शिस्त. माशांनी ती पाळली आणि ते एकेक करून मेले.

दोष कुणाचा, हे तिनं पहिल्या माशालाच ठरवून टाकलं होतं. पेटीचा नाही, कारण ती लेकानं आणलेली. पाण्याचा नाही, कारण तेच पाणी सगळा गाव पितो. उरला सुनेचा हात. "हिच्या हाताला गुण नाय," असं ती विहिरीवरही बोलून आली. काल शेजारच्या पोशाच्या बायकोचं तान्हं घ्यायला जयवंतानं हात पुढे केले, तर तिनं पोर दुसऱ्या कडेवर फिरवलं. हसत हसत फिरवलं. ते हसणं जयवंताला अजून दिसत होतं.

आज पेटीपुढे येसाजीमामा बसले होते, सोनाबाईचे थोरले भाऊ. हातात चहाची बशी, डोळे उताण्या माशावर.

"काय रं सहदेवा, पैसे देऊन जिता मासा आणतोस आन् मारून टाकतोस. मेलेलाच आणला असतास तर कालवण तरी झालं असतं."

सहदेव हसला. सुट्टीचा दिवस, अंगात नुसतं बनियन. "एवढ्याशाचं कसलं कालवण, मामा."

"ज्यानं विकला त्याला विचारलंस का?"

"त्यात विचारायचं काय? पेटी घेतली तवाच बोलला तो. सगळं पाणी बदलायचं नाय, पेटी घासायची नाय. नवं पाणी थोडे दिवस गढूळ होतंच, होऊ द्यायचं. मुरलं का आपोआप निवळतं. फारच वाटलं तर चार तांबे काढायचे, चार घालायचे. शिळ्या पाण्यातच जगतात म्हणे हे."

"मग?"

"मग काय! आईला कोण सांगणार, शिळं पाणी ठेव म्हणून?" आणि चावडीवर किस्सा सांगून झाल्यासारखा तो पुन्हा हसला.

पायरीशी जयवंता हंडा घेऊन तशीच उभी होती. मामांनी तिच्याकडे पाहिलं आणि बशी खाली ठेवली.

"तुमाला ठाव होतं?" ती म्हणाली.

"अगं, तो दुकानवाला, काय बी बोलतो..."

"महिनाभर ठाव होतं. मी राखेनं घासत होते, तुमी बघत होता. आत्याबाई माझ्या हाताला नावं ठेवत होत्या, तुमी जेवत होता."

"हळू बोल. मामा बसलेत."

"मघाशी मासा दाखवताना कुणी हळू बोललं नाय."

सोनाबाईनं घाईनं आवरतं घेतलं. कुठे थांबायचं ते तिला बरोबर कळायचं. "बरं बाई, झालं ते झालं. आजपासून नको बदलूस. उतरव तो हंडा, भांड्यांना होईल." ती हात द्यायला उठली. एरवी सून एकटीच हंडा उतरवायची, तेव्हा सासूला उठायला जमत नसे.

जयवंता एक पाऊल मागे सरली. हंडा हिंदकळला. पाणी कपाळावरून गळ्यापर्यंत आलं. तिनं पुसलं नाही.

"बोललात ते मागं घ्या आधी."

"घेतलं मागं. तुझ्या हाताला काय बी झालेलं नाय. बास?"

"इथं नाय बोललात. विहिरीवर बोललात. तिथं चला."

सोनाबाईनं लेकाकडे पाहिलं. सहदेव पेटीवर वाकून मासे निरखत होता; आजवर इतकं बारकाईनं त्यानं त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. मग तिनं भावाकडे पाहिलं.

"जा, सोने," मामा म्हणाले. "बोलायला गेलीस तवा पाय दुखले नव्हते."

जयवंता वळलीसुद्धा होती. त्या वाटेनं भरलेला हंडा विहिरीकडे नेणारी बाई आजवर कुणी पाहिली नव्हती. मागून डोक्यावर पदर ओढत सोनाबाई, पाय मोजल्यासारखे टाकत. विहिरीवरच्या बायकांच्या हातातले दोर थांबले. पोशाच्या बायकोनं कडेवरचं पोर सावरलं.

"अगं, भरलेला घेऊन कुठं निघालीस?"

जयवंतानं हंडा उतरवला नाही.

"आत्याबाई सांगतील," ती म्हणाली आणि बाजूला झाली.