विसरलेले कागद

"या वेळी तरी सगळे कागद आहेत ना?" वकीलबाईंनी जिना चढून आल्या आल्या विचारलं.

कोर्टाबाहेरच्या बाकावर बसलेल्या गणिताच्या बाईंनी पिशवीतून लग्नाचा फोटो काढून दिला. शेजारी बसलेल्या चष्मेवाल्याने लग्नाच्या नोंदणीचा मूळ दाखला दिला. दोघांचेही चेहरे कॉपी करताना सापडलेल्या मुलांसारखे झाले होते, कारण गेल्या चारही तारखा याच दोन कागदांपायी पुढे गेल्या होत्या. कधी फोटो घरी राहायचा, कधी दाखला. फोटोत बाई एका टोकाला आणि तो दुसऱ्या टोकाला उभा होता, दोघंही पाहुण्यांच्या सरबराईने दमलेले. वकीलबाईंनी कागद उलटसुलट करून पाहिले, फाइल बांधली आणि सांगितलं की न्यायाधीशांसमोर सह्या झाल्या की दहा मिनिटांत सगळे मोकळे. मग त्या खाली गेल्या. मुलं खालीच थांबली होती.

बाई तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्याचं चष्म्यांचं दुकान मात्र अजून चालू होतं, पण तारखेच्या दिवशी तो ते बंद ठेवी. गंमत बघा, ज्या इमारतीत माणसं एकमेकांचं तोंड पाहायला तयार नसतात, तिथे ही दोघं सकाळी दहापासून बाकाची तीच जागा धरून बसत. तो थर्मासमधून चहा आणी. त्याच्या रक्तदाबाच्या गोळीची वेळ बाई सांभाळत. मागच्या तारखेला बाईंच्या चष्म्याची काडी सैल दिसली, तेव्हा त्याने खिशातून बारीक पेचकस काढून ती तिथल्या तिथे घट्ट करून दिली होती.

समोरच्या बाकावर एक तरुणी आपल्या नंबरची वाट पाहत होती. बराच वेळ या दोघांकडे पाहून शेवटी तिला राहवलं नाही.

"काका, राग मानू नका," ती म्हणाली. "एवढं पटतंय, तर मोडताय कशाला?"

"आमच्या पटण्याने भागलं असतं, तर इथवर आलोच नसतो, बाळा."

ती ओशाळली आणि मोबाइलमध्ये डोकं घालून बसली. चष्मेवाल्याने थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि बाईंपुढे धरला. बाईंनी तो घेतला, पण प्यायल्या नाहीत.

"एक सांगू?" त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा फोटो मी खरंच विसरले होते. दुसऱ्यांदा कपाटातून काढला, पाहिला आणि परत ठेवून दिला."

"कळलं होतं मला. म्हणून तर दोन वेळा मी दाखला विसरलो. सगळं तुमच्याच माथी कशाला?"

बाई हसल्या. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण वाटून घेतलेली चोरी त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. मग त्याने विचारलं की आज फोटो का आणलात.

"मुलांकडे बघवत नाही हो," बाई म्हणाल्या. "दर तारखेला त्यांचा जीव टांगणीला लागतो. आपल्यासाठी त्यांना किती ताटकळत ठेवायचं?"

दाखला आणताना त्याच्याही मनात हेच होतं, आणि खऱ्या गोष्टीपुढे वाद घालण्याची त्याची रीत नव्हती. पण त्याला वाईट वाटत होतं, चांगलंच वाईट वाटत होतं. त्याच्या घरी बोलायला कोणी नव्हतं, बाईंच्या घरी कोणी बोलत नव्हतं. वर्षभरात कॅलेंडरवर खूण करून वाट पाहावी असे दिवस दोघांनाही या बाकानेच दिले होते. बाईंची त्याला सवय झाली होती. सवय कसली, माया जडली होती; उगाच शब्द चोरण्यात अर्थ नाही. उद्यापासून त्यांना भेटायला जायचं म्हटलं तरी कुठल्या नात्याने जायचं, हे त्याला सुचत नव्हतं.

"सह्या झाल्या की आपण एकमेकांचे कोण हो?" त्याने विचारलं.

बाईंनी तीस वर्षं फळ्यावर उत्तरं काढली होती; हेही त्यांनी तसंच काढलं.

"कायद्याने कोणीच नाही," त्या म्हणाल्या.

"आणि कायद्याला विचारलंच नाही, तर?"

बाईंनी झाकण बाकावर ठेवलं. त्या काही बोलणार, एवढ्यात शिपायाने दारातून नंबर पुकारला.

वकीलबाईंच्या मागून जिना चढून बाईंचा मुलगा आणि चष्मेवाल्याची मुलगी एकमेकांकडे न बघता सह्या करायला आत गेले, आणि बाकावर विहीणबाईंनी आपल्या व्याह्यांचा हात हातात घेतला.