आधी समोरच्याचं नाव

"आधी समोरच्याचं नाव सांगा," वकीलबाई म्हणाल्या. "तुमची हकिकत नंतर."

खुर्चीच्या कडेवर बसलेल्या संशोधकाने निमूटपणे एका मुलीचं नाव सांगितलं, आडनावासकट आणि विभागासकट. वकीलबाईंनी ते वहीत लिहून घेतलं, मागची पानं चाळली. या नावाचं कुणी अजून त्यांच्याकडे आलेलं नव्हतं.

हा त्यांचा शिरस्ता होता. विद्यापीठाच्या मोफत सल्ला केंद्रात तीन वकील आळीपाळीने बसत. एक सोमवारी, एक मंगळवारी, आणि वकीलबाई स्वतः बुधवारी. तिघांच्या वह्या वेगळ्या, आणि एकमेकांच्या कामात नाक खुपसायची कुणालाच हौस नव्हती. नियम मात्र तिघांना एकच. भांडणातल्या एकाची बाजू ऐकून घेतली, की दुसऱ्याला दारातूनच परत पाठवायचं. दोन्ही डगरींवर पाय ठेवणारे वकील त्यांनी आयुष्यात पुष्कळ पाहिले होते आणि अशांची त्यांना चीड होती.

"हं, बोला आता."

संशोधक हळू आवाजात बोलू लागला. शेवाळावरचा त्याचा प्रबंध लिहून झाला होता. आता त्याच प्रयोगशाळेतल्या एका मुलीने तक्रार केली होती, की त्यातलं मुख्य प्रकरण तिच्या नोंदींवरून जसंच्या तसं उचललेलं आहे. उद्या सकाळी अकराला चौकशी समिती बसणार होती. खोटं ठरेल त्याचं नाव विद्यापीठातून कमी होणार, मग तो असो की ती.

"पोरगी वाईट नाही हो, ताई," तो म्हणाला. "कुणीतरी कान भरलेत तिचे. सूक्ष्मदर्शकाला डोळा कसा लावायचा, तेसुद्धा मीच शिकवलं तिला."

वकीलबाईंना तो आवडला. या खुर्चीत बसून लोक समोरच्याच्या सात पिढ्या उद्धरत. हा मात्र जिने त्याच्या पोटावर पाय आणला, तिच्याबद्दलही बरंच बोलत होता. कॉलर विटलेली, पण शर्टाला इस्त्री कडक. त्यांचा धाकटा भाऊ विद्यार्थी असताना थेट असाच दिसायचा.

"मूळ नोंदवह्या कुठे आहेत?"

"प्रयोगशाळेत असतील."

"असतील?"

"म्हणजे, आहेत. कपाटात."

"कुणाच्या अक्षरात?"

"काही माझ्या, काही तिच्या. आता नेमकं आठवत नाही."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. घाबरलेला माणूस असाच अडखळतो, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. त्यांनी एका कागदावर समितीपुढे मांडायचे सात मुद्दे लिहून दिले. त्याने तो न वाचताच घडी घालून खिशात ठेवला.

"उद्या मी येते तुमच्याबरोबर," त्या म्हणाल्या. "समितीसमोर बाहेरचा वकील चालत नाही. आमच्या तिघांपैकीच कुणीतरी शेजारी बसू शकतं. एकटा विद्यार्थी दिसला, की ही मंडळी त्याला पाच मिनिटांत गुंडाळतात."

"नको ताई. माझं मी बोलेन. तुमचा अख्खा दिवस कशाला मोडायचा?"

"अहो, त्यासाठीच तर बसलोय आम्ही इथे."

"खरंच नको." तो उठला, पण निघाला नाही. "वहीत नोंद झाली ना माझी? आणि तिच्या नावाची?"

"झाली की."

"तारीख घातलीत? वेळ?"

बाईंना हसू आलं. त्यांनी वही फिरवून त्याच्यासमोर धरली. त्याने ओळीवर बोट ठेवून सगळं नीट वाचलं आणि मगच नमस्कार केला.

"गुणी माणूस," दाराशी बसणारे शिपाई म्हणाले. पाचाच्या ठोक्याला कुलूप लावत म्हणून त्यांना सगळे घड्याळकाका म्हणत. "जाताना खुर्ची आत सरकवून गेला. नाहीतर बाकीची कार्टी!"

दुपारी वसतिगृहातून काढलेले दोघं आले, मग गुणपत्रिका अडकलेली एक जणी. साडेचार वाजून गेले तशी घड्याळकाकांनी किल्ल्या हातात घेतल्या. तेवढ्यात एक मुलगी धापा टाकत आत शिरली. खांद्यावरची पिशवी वह्यांनी इतकी ठासून भरलेली, की तिचा पट्टा शिवणीत उसवला होता.

"मॅडम, उद्या अकरा वाजता माझी..."

"थांब. आधी समोरच्याचं नाव."

मुलीने सकाळच्या संशोधकाचं नाव सांगितलं.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बघ बाळ, आता पुढे एक अक्षरही बोलू नकोस. त्यांनी सकाळीच माझा सल्ला घेतलाय. तुझी बाजू मला ऐकता येणार नाही."

"दोन वर्षांच्या नोंदी आहेत, मॅडम. पानन् पान माझ्या अक्षरातलं. नुसत्या बघा तरी."

"नाही बघता येणार."

मुलीने पिशवीत घातलेला हात तसाच बाहेर काढला. बाईंना तिची कणव आली. ती खरी की खोटी, हे ठरवणं त्यांचं काम नव्हतं. पण उद्या अकराला हिने त्या लांब टेबलासमोर एकटीने बसावं, हे काही त्यांना बघवलं नसतं. त्यांनी घड्याळकाकांना हातानेच थांबायची खूण केली आणि कागद पुढे ओढला.

"घाबरू नकोस. मला जमत नाही म्हणजे सगळं संपलं असं नाही. आमच्यातले आणखी दोन वकील आहेत, दोघंही माझ्यापेक्षा हुशार. हे त्यांचे नंबर. माझ्यासमोरच फोन लाव. दोघांपैकी एक जण उद्या तुझ्या शेजारी असेल, हा माझा शब्द."

मुलीने कागद घेतला नाही.

"दोघांकडेही जाऊन आले, मॅडम," ती म्हणाली. "परवा सोमवारी आणि काल. दोन्हीकडे तो माझ्या आधी नाव लिहून गेला होता."