अदलाबदल

केशरबाईंनी मोरीचं दार उघडून पाण्याची टाकी दाखवली आणि रोहिणीला एकदम रडू आलं. तिनं ते पदरात दाबलं. टाकी मोठी होती, मोरी स्वच्छ होती, रडण्यासारखं काहीच नव्हतं. बीडात घर बघायला गेलेली बाई आधी पाण्याचं विचारते, मग देवघराचं. रोहिणीनं दोन्ही विचारलं नव्हतं.

बाहेरच्या खोलीत तिचा नवरा सुग्रीव आणि घरमालक सुंदरराव समोरासमोर बसले होते. घर पाहावं बांधून, असं म्हणतात. या दोघांनी ते बदलून पाहायचं ठरवलं होतं. हे घर सुग्रीवनं घ्यायचं, सुग्रीवचं सुंदररावांनी. दोन्ही घरं एकाच तोलामोलाची, त्यामुळे पैशाची घासाघीस नव्हती. कारणही दोघांचं एकच. सुंदररावांची ही गल्ली सगळी सुग्रीवच्या जातीची, आणि सुग्रीव राहत होता ती कॉलनी सगळी सुंदररावांच्या जातीची. दोघंही आपापल्या ठिकाणी एकटेच. इतकी वर्षं ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. आता मात्र नाव सांगितलं तरी समोरचा माणूस आडनावासाठी थांबून राहतो.

सुग्रीव एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होता. भांडखोर म्हणावा तर तसाही नव्हता. निवडणुकीनंतर मोर्चे निघाले, दुकानांच्या पाट्या फुटल्या, तरी तो डबा घेऊन कामाला जात राहिला. मग एका संध्याकाळी क्लासवरून येणाऱ्या त्याच्या धनश्रीला गाडीवरच्या दोघांनी अडवलं आणि आडनाव विचारलं. तिनं सांगितलं. ते हसले आणि निघून गेले. झालं ते एवढंच, पण पोरीच्या बापाला एवढं पुरतं. दुसऱ्या दिवसापासून तो ड्यूटीत अदलाबदल करून क्लासच्या दाराशी उभा राहू लागला. त्याची झोप उडाली. आपल्या माणसांत गेलेलं बरं, हे एकच पालुपद त्यानं धरलं. ते दोघं आपल्या कॉलनीतले नव्हतेच, असं धनश्री पुन्हा पुन्हा सांगत होती. पण भ्यालेल्या माणसाला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मायलेकी गप्प बसल्या.

सुंदररावांचं दुखणं वेगळं नव्हतं. त्यांचं खता-बियाण्याचं दुकान होतं. दुकानाच्या काचेवर कुणीतरी दगड घातला तेव्हा त्यांचा मुलगा आत गल्ल्यावर बसलेला होता. दगड त्याच्या कानाजवळून गेला. कुणी मारला ते कळलं नाही. कळलं नाही म्हणूनच ते प्रत्येकाकडे संशयानं बघू लागले, अगदी लहानपणापासून अंगाखांद्यावर खेळवलेल्या पोरांकडेसुद्धा. या गोष्टीची त्यांना लाज वाटायची. लाज वाटली तरी भीती जात नव्हती.

घर सोडणारी बाई येणारीला घराच्या खोडी सांगते, तशी रीत आहे. केशरबाई सांगत होत्या. मागचं दार पावसाळ्यात फुगतं, खालून उचलून ओढायचं. नळ आठ-दहा दिवसांनी येतो आणि कधी येईल ते नळालाच ठाऊक. जिन्याची तिसरी पायरी उंच आहे, नवा माणूस हमखास ठेचकाळतो. सांगता सांगता त्या जिन्यावरच बसल्या.

"करमंल का वो तुमाला इथं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई करमायचं," रोहिणी म्हणाली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच खरं बोलली होती.

"मलाबी तिकडं न्हाई करमायचं. पण लेकरापुढं आपलं काय चालतंय."

बाहेर सुंदररावांचा फोन वाजला म्हणून मग दोघी उठल्या.

फोन दस्तलेखकाचा होता. कागद तयार झाले होते. उद्या दुपारी रजिस्ट्री ऑफिसात यायचं, आणि दोन्हीकडून एकेक साक्षीदार आणायचा. कुणालाही धरून आणू नका, असं त्यानं बजावलं. तुम्हाला चांगला ओळखणारा, सही करून मागं न सरणारा माणूस पाहिजे.

फोन ठेवून सुंदररावांनी विचारलं, "तुमच्याकडून कोण?"

सुग्रीवला विचार करावाच लागला नाही. "रामप्रसाद येईल. शेजारीच हाय आमच्या. लई भरवशाचा माणूस. धनश्रीच्या टायमाला मी गाडी दुरुस्तीला परळीला गेलतो. रोहिणीला दवाखान्यात त्यानंच नेलं. सही त्यानंच केली."

सुंदररावांनी सवयीनं आडनाव विचारलं. सुग्रीवनं सांगितलं.

"म्हंजी आमच्यातला."

"हाव," सुग्रीव म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. दारात उभ्या असलेल्या रोहिणीकडे त्यानं बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती. त्याचा चेहरा उतरला. काहीतरी बोलायचं म्हणून तो घाईघाईनं म्हणाला, "आन् तुमच्याकडून कोण?"

केशरबाईंनी दोनदा सुंदररावांकडे पाहिलं. ते हातातला फोन उलटा-सुलटा करत राहिले.

"जीवन," ते शेवटी म्हणाले. "ह्या पलीकडच्या घरातला. तुमच्यातलाच हाय. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा न्हाई."