तिसरा भाग पहिला

"पहिल्या नंबरावर तिसरा भाग? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" ताईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"माझी क्रमवारी आहे. मला हवं ते लिहीन."

"लिही रे. शिव्या तुलाच पडणार आहेत."

तो हसला नाही. 'धुकेराज्य' या व्हिडिओ गेम मालिकेचे नऊही खेळ आवडीच्या क्रमाने लावून, प्रत्येकाखाली दोन ओळींचं कारण लिहून संध्याकाळपर्यंत मासिकाला पाठवायचे होते. सातवा भाग दुसऱ्या क्रमांकावर, संगीतासाठी. त्याखाली पाचवा, कारण त्यातला राजा शेवटी माफी मागतो. नववा तळाला, दिसायला देखणा, आत पोकळ. पहिल्या क्रमांकाखालची जागा मात्र अजून रिकामी होती.

बाबा खिडकीशी चाकांच्या खुर्चीत बसले होते. झटका आल्यापासून उजवं अंग लुळं पडलं होतं आणि वाचा गेली होती. दुपारी शुश्रूषा केंद्राची गाडी त्यांना न्यायला येणार होती. ताईची बदली झाली होती. तिने त्याला फोनवर एकदाच विचारलं होतं, "तुझ्याकडे नेशील?" तो म्हणाला होता, "जमणार नाही." तिने पुन्हा विषय काढला नाही. एवढंच म्हणाली, "गाडीत बसवायला तरी ये. मन बदललं तर दारातून गाडी परत पाठवता येते."

"बॅग भरलीस?"

"औषधं राहिलीत."

"प्रत्येकाच्या दोन-दोन बाटल्या घे. एक चालू, एक राखून. एकच दिसली की त्यांचा जीव खालीवर होतो."

बाबांनी रुग्णालयाच्या भांडारात उभी हयात काढली होती. घरातही तोच खाक्या. मीठ संपलंय असं या घरात कधी ऐकू आलं नाही. माया मात्र त्या भांडारात कधी आलीच नाही, असं त्याचं मत होतं. खेळांवर लिहायची नोकरी लागली तेव्हा बाबा म्हणाले होते, "खेळांवर लिहून पोट भरणार? मग जेवायला इथे येऊ नकोस." त्याने ते वाक्य शब्दशः पाळलं होतं.

सकाळी बाबांचे कपडे काढताना कपाटाच्या खालच्या कप्प्यात त्याला लहानपणीचं गेम खेळायचं यंत्र सापडलं होतं, धुतलेल्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं. आत तिसरा भाग तसाच होता. कारण सुचेल म्हणून त्याने ते टीव्हीला जोडलं. पडदा थोडा थरथरला आणि नायक उभा राहिला, काळ्या किल्ल्याच्या दाराशी, जिथे त्याला कधीतरी सोडलं होतं तिथेच.

ताई हात पुसत दारात आली. "चालतंय? मला वाटलं केव्हाच गंजलं असेल."

"ताई, तुला एक सांगायचं राहिलं होतं. मी नापास झालो, बाबांनी हे कपाटात कुलूपबंद केलं आणि मला वसतिगृहात धाडलं. आठवतं?"

"महिन्यातून एकदा यायचास. तोंड एवढंसं करून."

"आलो की रविवारी दुपारी तेवढं कपाट उघडायचं. मी या किल्ल्यापाशी अडकलो होतो. सगळं सोनं तलवारींत घालायचो, आत जायचो आणि मरायचो." तो पडद्याकडे बघत बोलत होता. "आणि दर वेळी येऊन बघतो तर खेळातली माझी माणसं थोडी तगडी झालेली. तलवार तीच, बोथट. पण झोळी जखमेच्या पाल्याने ठासून भरलेली. पाला विकणारी म्हातारी म्हणायची, आता ठेवायला जागा नाही."

ताई फडक्याला हात पुसत ऐकत होती.

"तिकडे मुलं फार छळायची. एकदा तर सगळं सोडून पळून जायला निघालो होतो. मग वाटलं, घरी कुणीतरी आपली बाजू लढवतंय. म्हणून तो पहिला. त्यातलं युद्ध रटाळ आहे, नकाशा तळहाताएवढा आहे, मला काय कळत नाही? पण पहिला तोच. तुझे आभार मानायचे राहून गेले."

"माझे कशाला?"

"तूच खेळायचीस ना. किल्ली कशी पळवायचीस, देव जाणे."

"मी?" ताईच्या हातातलं फडकं थांबलं. "अरे शहाण्या, त्या कपाटाला हात लावायची माझी छाती नव्हती. मी आयुष्यात एकदाही खेळले नाही हा खेळ. जे काय माहीत आहे ते तुझी बडबड ऐकून."

"मग आई?"

"आई टीव्हीचा आवाज कमी करायलासुद्धा मला हाक मारायची."

बाहेर हॉर्न वाजला.

तो उठला. हातातला कंट्रोलर कुठे ठेवावा ते न सुचून त्याने तो बाबांच्या मांडीवर ठेवला आणि दार उघडलं. केंद्राचा माणूस पायरीवर उभा होता.

"तयार आहेत ना आजोबा? निघायचं?"

"बॅग आणतो," म्हणून तो मागे वळला.

बाबांचा डावा अंगठा बाणांच्या बटणांवर होता. पडद्यावरच्या नायकाने किल्ल्याच्या दाराकडे पाठ फिरवली, गल्लीतून सावकाश चालत गेला, आणि पाल्याच्या दुकानात शिरला.