सात नंबरची जर्सी

"सात नंबर," ऑर्व्हिल फोनवर घाईघाईनं म्हणाला. "जुन्या नावाची पट्टी काढ आणि सोरेन्सनची लाव. आजच्या मॅचलाच पाहिजे."

व्हर्ना कोस्तिन्यूकनं फोन खांद्यात धरून पेन्सिल उचलली आणि तिचा हात तिथंच थांबला. रिंकच्या बर्फावर हॉकी खेळणाऱ्या गावच्या संघातल्या सगळ्या पोरांच्या जर्सीवर नावाच्या पट्ट्या तिनंच शिवल्या होत्या. सात नंबर रेमी लाव्हालीचा. आणि बाहेरगावाहून खेळायला आलेला रेमी तिच्याच घरी राहत होता. आता मॅचच्या आधीची झोप काढायला वर गेला होता.

"रेमीला कुठं पाठवलंत?"

ऑर्व्हिल चपापला. "मेलो. तो तुझ्याकडेच असतो, नाही का?"

"सप्टेंबरपासून."

"हे बघ, त्याला यातलं काही बोलू नकोस. रिंकवर आला की मी सांगतो. पार उत्तरेतल्या टीमनं घेतलाय त्याला, आजच निघायचंय. आणि... त्याच्या बदल्यात येतोय त्या सोरेन्सनलाही तुझ्याकडेच ठेवावं म्हणतोय. तेवढ्या चादरी बदलशील ना?"

ऑर्व्हिल माणूस वाईट नव्हता. टायरचं दुकान सांभाळून तो संघाचं सगळं बघायचा. लीगचं हे पहिलंच वर्ष, त्यामुळे आधी फोन कुणाला करायचा हे त्याला अजून शिकायचं होतं. पण त्याच्या शिकण्याची किंमत पोरांनी का मोजावी? व्हर्नाचा असा संताप झाला की तिनं निरोप न घेताच फोन ठेवला.

फाटलेली बाही शिवायला जर्सी तिच्याकडे आलेलीच होती. ती स्वयंपाकघरातल्या शिलाई मशीनवर बसली, उठली, खिडकीशी गेली, परत बसली. बाहेर वारा अंगणातला बर्फ उगाच इकडून तिकडे ढकलत होता. तिनं नव्या नावाची अक्षरं कापली, त्यातलं एक बिघडवलं, पुन्हा कापलं. मग ब्लेड घेऊन जुनी पट्टी उसवायला लागली. अर्धी उसवून झाली तोच जिना धडधडला. तिनं हाताशी आलेला पडदा जर्सीवर टाकला.

"काकू, चार वाजले!" रेमी अनवाणीच स्वयंपाकघरात शिरला. "चार वाजून गेले आणि मला कुणाचा फोन नाही!"

संघांनी आपसांत पोरं अदलाबदल करायची मुदत आज चार वाजता संपत होती. सकाळपासून त्यानं फोन हातातून सोडला नव्हता की धड खाल्लं नव्हतं. गेल्याच आठवड्यात गोलकीपरला नाश्त्यावरून उठवून दुसऱ्या संघात नेलं होतं.

"झोपला नव्हतास का?"

"कसली झोप येतीय! छताकडं बघत पडलो होतो." त्यानं पातेल्यातली पिरोगी, बटाटा भरलेली उकडलेली करंजी, हातानंच उचलून तोंडात कोंबली. "आता शाळा इथंच संपवणार. दोन गावांत दोनदा अर्धी अर्धी केमिस्ट्री शिकलोय मी. उरलेली अर्धी कधी आलीच नाही वाट्याला."

तोंडात घास असतानाच त्यानं आईला फोन लावला. "मम्मी, मी कुठं जात नाहीये! रविवारच्या मॅचला या सगळे... हो, देतो." आणि फोन व्हर्नाच्या हातात.

"बाई, कसे तुमचे उपकार फेडू," रेमीची आई रडवेल्या आवाजात म्हणाली. "रात्रभर डोळा लागला नाही हो. आता कुठं जीव भांड्यात पडला. रविवारी येतोच आम्ही."

"गुणी आहे हो तुमचा मुलगा," व्हर्ना म्हणाली. एवढंच बोलून तिनं फोन परत दिला, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

रेमी वर जाऊन कोट घालून आला. मॅचला पोरांनी कोट-टाय घालूनच जायचं अशी पद्धत होती आणि याला टाय काही बांधता यायचा नाही. नेहमीप्रमाणे मान वर करून तो तिच्यापुढं उभा राहिला.

"आज नीट बांधा हं, काकू. आज मी गोल मारणार."

तिनं गाठ घातली, सोडवली, पुन्हा घातली. याच टायमध्ये, सगळ्या पोरांच्या देखत, ऑर्व्हिल याला खोलीत बोलावून घेणार. लीगच्या शिस्तीत ते बसत असेलही. तिला ते बघवणार नव्हतं.

"बस जरा," ती म्हणाली आणि तिनं मशीनवरचा पडदा बाजूला ओढला.

जर्सीच्या पाठीवर त्याच्या नावाची पट्टी एका टोकानं लोंबत होती. शेजारी सोरेन्सनची अक्षरं मांडलेली होती.

रेमी बसला नाही.

"कधी?"

"आज. उत्तरेला. तू रिंकवर गेल्यावर ऑर्व्हिल सांगणार होता. मला नाही राहवलं रे."

त्यानं खिशातला फोन काढला.

"तुझ्या आईला मी सांगू का?"

"नको." फोन त्यानं पुन्हा खिशात टाकला.

मग तो खुर्ची ओढून बसला. तिच्यापुढचं ब्लेड घेतलं आणि उरलेले टाके एकेक करून स्वतःच उसवायला लागला. कापडाला कुठं चीर पडू दिली नाही. पट्टी निघाली तशी त्यानं तिची घडी घालून कोटाच्या खिशात ठेवली आणि जर्सी तिच्याकडे सरकवली.

"ही नवी पट्टी पक्की शिवा, काकू," तो म्हणाला. "माझी पहिल्याच मॅचला एका बाजूनं सुटली होती. सगळा रिंक हसला होता."

व्हर्नानं मशीन बाजूला सारलं आणि सुईत दुहेरी दोरा ओवायला घेतला. दोरा काही केल्या नेढ्यात जाईना.