बारा आवाज

मॅडमनी मशीनचा प्लग भिंतीत खोचला, बटण दाबलं आणि योतामूने डोळे मिटले. बुटातला अंगठा हळूच हलू लागला. एक, दोन, तीन. दहा झाल्यावर तो म्हणाला, "मत्स्यगरुड. जोडी आहे. मादीचा आवाज जाड."

लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात वाटाड्याचा परवाना नवा करायचा तर पक्ष्यांचे बारा आवाज ओळखावे लागत. एके काळी योतामूला या परीक्षेचं हसू यायचं. तीस वर्षं त्याने पाहुण्यांना नदीकाठी हिंडवलं होतं. दुर्बिणी सरसावणाऱ्यांना तो सांगे, "आधी डोळे मिटा. पक्षी अगोदर कानात येतो, मग झाडावर दिसतो." सगळं खोरं त्याला पक्ष्यांचा बाप म्हणायचं, आणि ते त्याला मनापासून आवडायचं.

गेल्या पावसाळ्यात त्याला क्षय झाला. सहा महिन्यांच्या सुयांनी छाती वाचवली आणि कान नेले. पावसाळ्यात पाहुणे येत नाहीत, त्यामुळे कुणाला कळलं नाही. पहाटे तो अंगणात बसे. समोरच्या चिंचेवर इवल्या पोपटांच्या चोची उघडत, मिटत, आणि आवाज म्हणून नसे. मग त्याला रडू फुटे. हे फक्त त्याच्या बायकोला, एसनातीला ठाऊक होतं.

"सोड तो परवाना," ती म्हणाली होती. तिचे ओठ त्याला वाचता येत. पस्तीस वर्षांची सवय होती. "हत्ती काय खाकरून येतो का? स्वतः मरशील आणि पाहुण्यांनाही मारशील."

"हत्तीला डोळ्यांनी बघेन. पक्षी सोडून मी करू काय? तुझ्या कोंबड्या राखू?"

"राख की. कोंबडीही पक्षीच."

तो लेमेककडे गेला. लेमेक त्याच्याच हाताखाली शिकलेला, आणि त्याची परीक्षा आदल्याच दिवशी झाली होती. रेकॉर्डिंग सगळ्यांना तेच. "म्हातारा झालो रे, ऐन वेळी नाव जिभेवर येत नाही," योतामू म्हणाला. योतामूने पुढे केलेल्या कागदावर लेमेकने बाराही पक्षी ओळीने लिहून दिले. एकदा मशीन सुरू झालं की दर अर्ध्या मिनिटाला एक आवाज येतो, हेही खाली लिहिलं. योतामूने रात्रभर घोकंपट्टी केली. ज्याने साऱ्या खोऱ्याला पक्षी शिकवले, तो पक्ष्यांची नावं पाढ्यासारखी पाठ करत होता.

दुसरा होता हॅमरकॉप, तिसरं घुबड, चौथी टिटवी, पाचवा खंड्या. अंगठा तीस मोजायचा आणि योतामू नाव सांगायचा. डोळे त्याने उघडले नाहीत. पाच झाल्यावर त्याची भीती गेली आणि नुसती नावं सांगून त्याचं भागेना.

"हा भुईवर चालणारा धनेश," तो म्हणाला. "नवरा-बायकोचं भांडण चाललंय. ती म्हणते, मी माहेरी जाते. तो म्हणतो, जा, जा, जा." त्याने छातीतून तो खोल घुमारा काढून दाखवला. मग त्याने क्रौंचाची हाक काढली. पावसाची वर्दी देणारा कोकीळ काढला. आवाज कानांतून येत नव्हते, पण कुठून तरी येत होते. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच खोरं त्याच्याशी बोलत होतं. दरडीतल्या भोकांतून लाल राघूंचा थवा उठला, तोही त्याला लख्ख ऐकू आला. एवढा आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता.

बारावा रानहोला होता.

"हा रडतोय," योतामू म्हणाला. "म्हणतो, आई गेली. बाप गेला. भावंडं गेली. आता उरलं कोण? मी, मी, मी." आवाज उतरत उतरत गेला.

त्याने डोळे उघडले. खिडकीत उमेदवारांची गर्दी झाली होती. सगळे हसत होते. लेमेक तर पोट धरून हसत होता. योतामूही हसला. त्याच्या नकला पाहून पाहुणेही असेच लोळत. तो उठला आणि पाहुण्यांना करायचा तसा कमरेत थोडा वाकला.

"बाराच्या बारा, मॅडम. एक तरी चुकला का?"

मॅडम हसत नव्हत्या. त्यांचे ओठ हलले. ते ओठ एसनातीचे नव्हते. त्याला काही उमगलं नाही, म्हणून त्याने मान डोलावली. त्यांनी पुन्हा काही विचारलं. त्याने पुन्हा मान डोलावली. खिडकीतलं हसू थांबलं. मग मॅडमनी त्याची गुणपत्रिका पालथी घातली, पाठीमागे एक ओळ लिहिली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

"बाबा, पाच पक्षी झाले आणि लाइट गेली."